माफ केलं, विषय संपला

मिशनच्या त्या शाळेत शिस्तीचं खातं ज्या बाईंकडे होतं, त्यांना मुलं शिस्तबाई म्हणत. पाठीमागे म्हणत असं सांगायची रीत आहे, पण खोटं कशाला बोलायचं, तोंडावरही म्हणत आणि बाईंना त्याचं काही वाटत नसे. उलट एखाद्या नव्या शिक्षकानं त्यांना खऱ्या नावानं हाक मारली, की त्याच मागे वळून बघत, आता ही कोण बाबा म्हणून.

सकाळी बाई फाटकात उभ्या. नखं, केस, बूट, स्कर्टची लांबी, खिशात काय, तोंडात काय. त्यांची नजरच अशी, की रांगेतला पोरगा लांबूनच च्युइंगगम गिळून टाकी आणि मग दिवसभर पोट चाचपत बसे. चॅपलमध्ये कुजबुजायचं नाही, जिन्यात पळायचं नाही, शिव्या तर नाहीतच, साधं 'गाढवा'सुद्धा म्हणायचं नाही. आणि सगळ्यांत वरचा नियम, जो प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर रंगवलेला होता, तो म्हणजे खोटं बोलायचं नाही. एवढं सगळं असून छडी मात्र त्या शाळेत कधी नव्हती. बाईंनी उभ्या नोकरीत कुणा मुलाच्या अंगाला हात लावला नाही. पालकांना हे पटत नसे. एवढी कडक बाई आणि मारत नाही म्हणजे काय, असं म्हणून ते जरा हिरमुसले व्हायचे.

मारायची गरजच पडत नसे, कारण तिथे जोडबाक होतं. एका मुलानं दुसऱ्याचं वाईट केलं, की जेवणाच्या सुट्टीत दोघांनी व्हरांड्यातल्या त्या बाकावर शेजारी बसायचं. चूक करणाऱ्यानं दोघांचं जेवण आणायचं आणि दोघांनी एकाच डब्यात खायचं. शुक्रवारी प्रार्थनेच्या वेळी ती जोडी चॅपलच्या पायरीवर उभी राही. एकानं म्हणायचं, "माझी चूक झाली." दुसऱ्यानं हात पुढे करून म्हणायचं, "माफ केलं." मग बाई सगळ्या शाळेकडे बघून म्हणत, "विषय संपला." आणि संपला म्हणजे संपला. त्यानंतर त्या गोष्टीचा उच्चार कुणी करायचा नाही, वर्गात नाही, मैदानावर नाही, शिक्षकांच्या खोलीतसुद्धा नाही. उकरून काढणाऱ्याला जी शिक्षा होई, ती मूळ चुकीच्या शिक्षेपेक्षा मोठी असे.

पोरं काय, पोरंच ती. बहुतेक सगळी मनातल्या मनात सोमवारीच माफ करून मोकळी होत आणि शुक्रवारपर्यंत दुसऱ्याच्या आईच्या हातचं चापत बसत. पण बाईंचा त्या पद्धतीवर जीव होता. शाळेत भांडणं शिळी होत नाहीत ती या बाकामुळे, असं त्या सांगत, आणि त्यात खोटंही काही नव्हतं.

बाईंचा नवरा त्याच शाळेत सुतारकाम शिकवायचा. मुलं त्यांना सुतारसर म्हणत. बाई जितक्या काटेकोर तितका हा माणूस अघळपघळ. शर्टाला भुसा, कानावर पेन्सिल, आणि जिथे कुजबुजायला बंदी त्या जिन्यातून हे महाराज शीळ घालत जायचे. बाई डोळे वटारायच्या. ते म्हणायचे, "नियम बोलण्याबद्दल आहे, शिळेबद्दल नाही. वाचून बघ." घरीही तेच. ओला टॉवेल गादीवर, पाना भांड्यांच्या फळीवर. सगळ्या शाळेला सुतासारखं सरळ करणाऱ्या बाई या एका माणसापुढे हरल्या होत्या आणि तसं कुणी म्हटलं की लाजायच्या.

थंडीच्या दिवसांत एका दुपारी सुतारसर फाटकाशी खाली बसून बिजागरीला तेल घालत होते. शाळेचे मुख्याध्यापक, म्हणजे फादर, जीप मागे घेत होते. त्यांनी मागे बघितलं नाही. झालं ते एवढंच. कुणाचं वैर नव्हतं, कुणी प्यायलेलं नव्हतं. एक माणूस खाली बसला होता आणि दुसऱ्यानं मागे बघितलं नाही.

दफनाच्या आधी चॅपल गच्च भरलं होतं. फादर पायरीवर उभे राहिले आणि म्हणाले, "माझी चूक झाली." मग सगळं चॅपल बाईंकडे बघू लागलं. आता ज्या बाईनं आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांकडून ते दोन शब्द वदवून घेतले, तिनं काय करावं? बाई उठल्या, पायरीवर गेल्या, हात पुढे केला आणि म्हणाल्या, "माफ केलं." सगळं चॅपल हुंदके देऊन रडलं. फादर रडले. "विषय संपला" हे वाक्यही म्हणणाऱ्या त्याच, म्हणून तेही त्यांनीच म्हटलं. लोक नंतर कितीतरी दिवस सांगत होते, बाई असावी तर अशी. रडल्या नाहीत त्या फक्त बाई.

त्या दिवसापासून बाईंना काही जाणवेनासं झालं. भाजी खारट झाली तरी कळेना. इस्त्रीचा चटका हाताला बसला तो संध्याकाळी फोड आल्यावर दिसला. रस्त्यानं चालताना मागून गाडीवाला हॉर्न वाजवून वाजवून थकला, तेव्हा त्या सावकाश बाजूला झाल्या, जसा काही हॉर्न दुसऱ्याच कुणासाठी होता. धाकटी नणंद दर रविवारी फोन करायची.

"वहिनी, रडलीस का गं?"

"नाही."

"अगं, रडून घे की एकदाचं. दादा होता तो माझा, मी रोज रडते. तुझा तर नवरा."

"येत नाही गं रडू. तू जेवलीस का?"

नणंद बिचारी मग जेवणाचं सांगायची.

शाळेत तर त्याहून गंमत. गंमत म्हणजे कसली, आपलं म्हणायचं. विषय संपला होता ना? मग सुतारसरांचं नाव कुणी घेईना. मुद्दाम नाही, नियम म्हणून. शिक्षकांच्या खोलीत कुणाच्या तोंडून चुकून "सर असते तर" असं निघालं, की दुसरा त्याला कोपरानं ढोसायचा आणि मग सगळे घाईनं परीक्षेचं वेळापत्रक काढायचे. सुतारकामाच्या खोलीला आता 'मागची खोली' म्हणायला लागले होते. ज्या माणसानं त्या शाळेची निम्मी दारं बसवली, तो तिथे कधी नव्हताच असं झालं, आणि हे सगळं बाईंना त्रास नको म्हणून. चांगली माणसं कधी कधी अशी घोडचूक करतात की हात टेकावेत. फादर रोज सकाळी फाटकाशी थांबायचे, खाली मान घालून विचारायचे, "बऱ्या आहात ना?" बाई म्हणायच्या, "हो फादर." आणि पुढच्या मुलाची नखं बघायच्या.

उन्हाळ्याच्या तोंडाला शाळेचं स्नेहसंमेलन झालं, आणि त्यात ते प्रकरण घडलं.

शाळेच्या वसतिगृहाचे कपडे धुणाऱ्या एक मावशी होत्या. त्यांना ऐकू कमी येई, म्हणून त्या फार मोठ्यानं बोलत, आणि समोरचा काय म्हणतो ते कळावं म्हणून मान वाकडी करून त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत. त्यांची मुलगी आठवीत होती. अबोल, नाकासमोर चालणारी. तिच्याच वर्गात एक छान गाणारी मुलगी होती, तिला सगळे गाणारीण म्हणत. पोरगी वाईट नव्हती, पण टाळ्यांची चटक लागलेली. संमेलनात तिनं नकला केल्या, आणि शेवटची नक्कल धुण्याच्या मावशींची केली. वाकडी मान, टक लावणं, ते ओरडणं. सभागृह कोसळलं हसून. मावशी मागे दाराशी उभ्या होत्या. त्याही हसल्या, टाळ्या वाजवल्या. त्यांच्या मुलीनं मागे वळून आईला टाळ्या वाजवताना बघितलं.

दुसऱ्या दिवशी दोघी जोडबाकावर. गाणारीण घाबरली होती, तिनं रोज डब्यात चांगलंचुंगलं आणलं. मावशींची मुलगी नियम म्हणून दोन घास खायची आणि भिंतीकडे बघत बसायची. शुक्रवारी पायरीवर गाणारीण म्हणाली, "माझी चूक झाली." हिनं हात पुढे केला नाही.

"म्हण," बाई म्हणाल्या.

"नाही म्हणता येत, बाई. मी माफ केलेलं नाही. खोटं होईल."

असं त्या शाळेत कधी झालं नव्हतं. पुढचा आठवडाही बाकावर गेला, शुक्रवारी पुन्हा तेच. आता इतर पोरांच्याही अंगात आलं. पाचवीतल्या एका टिकोजीनं रबर चोरल्याबद्दल माफ करायला नकार दिला, का तर म्हणे माझाही राग गेलेला नाही. फादरांनी बाईंना बोलावून घेतलं.

"हे असं चालू राहिलं तर उद्या काय उरेल?" ते म्हणाले. बोलताना ते टेबलावरचा पेपरवेट या हातातून त्या हातात करत होते. "या शुक्रवारी तिनं म्हणायलाच हवं. नाहीतर सोमवारपासून तिनं दुसरी शाळा बघावी. तुम्ही समजवा तिला. तुमच्याइतकं या गोष्टीचं मोल कुणाला ठाऊक आहे?"

बाई "हो फादर" म्हणाल्या.

तिथून त्या आधी धुण्याच्या खोलीत गेल्या. तिथे चादरींचे ढीग, ओल्या सिमेंटचा वास, आणि मावशी हातानं पिळून पिळून पांढऱ्या पडलेल्या बोटांनी चिमटे वेगळे करत होत्या. बाईंनी तोंड त्यांच्याकडे करून, हळूहळू, फादर काय म्हणाले ते सांगितलं.

"म्हणेल ती," मावशी मोठ्यानं म्हणाल्या. मग दार लावून घेतलं आणि आवाज उतरवायचा प्रयत्न केला, तो काही फारसा उतरला नाही. "मी लावते तिला म्हणायला. दुसरी शाळा कुठली मिळायची आम्हाला, बाई? तिला वाटतं, मला कळलंच नाही. मला कळलं होतं हो. माझीच नक्कल, मला नाही कळणार? पण सगळे माझ्याकडे बघत होते. रडून कसं चालेल? म्हणून हसले."

बाईंनी मान हलवली. त्यांना काही वाटायला हवं होतं, हे त्यांना कळलं. वाटलं काहीच नाही. पडलेला एक चिमटा उचलून त्यांनी टोपलीत टाकला आणि बाहेर आल्या.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्यांनी मुलीला रिकाम्या वर्गात थांबवलं. मुलगी पहिल्या बाकावर हात बांधून बसली, शिस्तीत, जसं बाईंनीच शिकवलं होतं.

"शुक्रवारी म्हणायचं," बाई म्हणाल्या. "नाहीतर शाळा सोडावी लागेल."

"आई तेच म्हणते. रडली काल."

"मग म्हण. शब्द म्हटले की हळूहळू राग जातो. आधी शब्द, मग बाकीचं."

मुलीनं विचारलं, "तुमचा गेला?"

"काय?"

"राग. सुतारसरांच्या वेळचा. तुम्ही पायरीवर म्हणालात ना, त्याच्यानंतर गेला का? मला तेवढं खरं सांगा, बाई. गेला असेल तर मी म्हणते."

शाळेत कित्येक महिन्यांत त्या माणसाचं नाव कुणी पहिल्यांदा घेतलं होतं. संपलेला विषय उकरला म्हणून तिला तिथल्या तिथे शिक्षा व्हायला हवी होती. भिंतीवर बाईंच्याच देखरेखीखाली रंगवलेला नियम होता, आणि त्याच्या खाली त्या उभ्या होत्या.

"असं विचारायचं नाही," त्या म्हणाल्या. "घरी जा. आई वाट बघत असेल."

मुलगी उठली, दप्तर उचललं, दाराशी थांबून "येते बाई" म्हणाली आणि गेली. बाई घरी आल्या, भात लावला, खायचा विसरल्या. गादीवर कुणाचा ओला टॉवेल नव्हता. राग गेला का, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारून बघितला. जायला तो आधी यायला तर हवा, असं त्यांच्या मनात आलं आणि त्या भांडी घासायला लागल्या.

शुक्रवार आला. चॅपलमध्ये लहान वर्ग पुढे, मोठे मागे, शिक्षक कडेनं. फादर उजव्या बाजूला खुर्चीवर. मावशी ओले हात पदराला पुसत मागच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या, मान वाकडी, नजर मुलीच्या ओठांवर. दोघी मुली पायरीवर चढल्या. गाणारीण रडवेली झाली होती. तीही बिचारी कंटाळली होती त्या बाकाला, आणि खरं सांगायचं तर तिला एव्हाना आपण काय केलं ते पुरतं उमगलं होतं.

"माझी चूक झाली," ती म्हणाली.

मावशींच्या मुलीनं मागे दाराकडे बघितलं. मग हात पुढे केला.

"माफ केलं."

हजेरी घेताना 'हजर' म्हणावं तसं. त्या आवाजात राग नव्हता, रडू नव्हतं, कुणीच नव्हतं. चॅपलमध्ये सुटकेचा श्वास ऐकू आला, कुणीतरी टाळ्याही वाजवल्या. फादरांनी डोळे मिटून घेतले. बाईंनी मात्र तो आवाज ओळखला. तो त्यांचाच होता. त्या थंडीतल्या दिवशी याच पायरीवर त्यांच्या तोंडून निघाला होता, आणि तेव्हापासून त्या त्याच आवाजात "हो फादर" म्हणत होत्या, त्याच आवाजात जेवलीस का विचारत होत्या. आता ही तेरा-चौदा वर्षांची पोर उरलेलं आयुष्य तसंच बोलणार होती, आणि त्यावर शिक्का मारायचं काम त्यांचं होतं.

सगळे बाईंकडे बघू लागले. त्यांची पाळी होती.

"विषय," बाई म्हणाल्या, आणि पुढचा शब्द काही निघेना.

पुढच्या रांगेतली चिल्लीपिल्ली एकमेकांकडे बघू लागली. शिस्तबाई वाक्य विसरल्या, असं त्यांना वाटलं.

"फादर," बाई म्हणाल्या, "माझा विषय संपलेला नाही."

फादरांनी डोळे उघडले.

"हे खाली बसले होते. बिजागरीला तेल घालत होते. तुम्ही मागे बघितलं नाहीत. मी इथे उभी राहून माफ केलं म्हणाले, ते खोटं होतं. माझा नवरा गेला होता हो, आणि मी कवायत केल्यासारखा हात पुढे केला. कुणी मला विचारलंसुद्धा नाही, की बाई, खरंच केलंत का? पुन्हा त्यांचं नाव घ्यायचं नाही, हे मात्र सगळ्यांनी पाळलं. मला तुमचा राग येतो, फादर. रोज सकाळी तुम्ही बऱ्या आहात ना म्हणता, तेव्हाही येत असणार. मला आत्ता कळतंय. मी बरी नाही."

मागे मावशी शेजारच्या शिपायाला विचारत होत्या, काय म्हणाल्या, बाई काय म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. फादर उठले. खुर्चीची पाठ धरून उभे राहिले. त्या अपघाताबद्दल बोलायला त्यांनाही बंदी होतीच की, आणि त्यांनी ती सगळ्यांत काटेकोर पाळली होती.

"नाही बघितलं मी मागे," ते म्हणाले. "ते पाय घसरून पडले असतील असं वाटून मी आधी हसलो. मग उतरलो. हे मला कुणाला तरी सांगायचं होतं."

बाईंनी ते ऐकून घेतलं. माफ केलं असं म्हणायची त्यांना मुळीच इच्छा झाली नाही, आणि त्यांनी म्हटलंही नाही.

पायरीवर मावशींची मुलगी अजून गाणारणीचा हात हातात धरून उभी होती. तिनं तो सोडला.

"बाई," ती म्हणाली, "मग मी माझं परत घेऊ का?"

बाईंनी फादरांकडे बघितलं. शाळेतून काढायचं की ठेवायचं, हे त्यांच्या हातात होतं.

"घेऊ दे तिला," फादर म्हणाले. "आणि सोमवारी वेळेवर ये, बाळ. कुठे जायचं नाही."

"मी परत घेतलं," मुलगी गाणारणीला म्हणाली. आवाज थरथरत होता, पण तिचा होता. "तू आधी माझ्या आईला विचार. मला अजून खूप राग आहे."

"बरं," गाणारीण म्हणाली आणि रडत रडत मागच्या दाराकडे निघाली.

बाईंना कुठेतरी दुखायला लागलं. आधी छातीत, मग पोटात, मग सगळीकडेच. त्यांना सुतारसरांच्या शर्टाचा वास आला, आणि आता तो शर्ट घालायला कुणी येणार नाही, हे त्या इतके महिने ऐकून होत्या, ते आता कळलं. त्या पायरीवर खाली बसल्या आणि सगळ्या शाळेसमोर मोठमोठ्यानं, नाक पुसायचंही भान न ठेवता, नवऱ्याला हाका मारत रडू लागल्या.